रक्तात कॅल्शियम भरपूर, मग दगड फक्त हाडांत आणि दातांतच का बनतो?

प्रश्न थोडक्यात असा: हाडं आणि दात आधी मऊ असतात, मग त्यांच्यात कॅल्शियम बसतं आणि ते कडक होतात, असं सगळीकडे सांगितलं जातं. पण कॅल्शियम तर रक्तातून शरीरभर फिरतं. मग ते नेमकं तिथंच का बसतं, कातडीत किंवा स्नायूंत का नाही? आणि दुधाचे दात पडायला लागलेल्या मुलाला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर येणारे दात जास्त मजबूत होतील का?

मी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दात आणि जबड्याच्या हाडांची सूक्ष्मरचना शिकवते, आणि बरीच वर्षं त्यांच्या स्लाइडही तपासत आले आहे. तुमच्या प्रश्नातला "कातडीत का नाही" हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण उत्तराची किल्ली तिथंच आहे. आपलं रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव यांत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की हाडातल्या खनिजाच्या मानाने तो द्रव अतिसंपृक्तच म्हणावा लागतो. म्हणजे एकदा स्फटिकाचं बीज पडलं की ते वाढायला लागणारा कच्चा माल सगळीकडे हजर आहे. त्यामुळे शरीरापुढची अडचण उलटी आहे: खनिज जमवायचं कसं यापेक्षा ते भलत्या ठिकाणी जमू द्यायचं नाही कसं, ही. शरीर सगळीकडे रोधक, म्हणजे खनिज जमू न देणारे पदार्थ, पेरून ठेवतं आणि हाड-दाताच्या जागी तेवढा तो रोध उठवतं. बाकी सगळा तपशील या एका गोष्टीभोवती फिरतो.

आधी खनिज कोणतं ते बघू. नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट; त्याच्या मूळ घटकात कॅल्शियमचे १० अणू, फॉस्फेटचे ६ गट आणि हायड्रॉक्सिलचे २. हे पुस्तकातलं शुद्ध रूप झालं. शरीरातलं ॲपेटाइट भेसळीचं असतं. फॉस्फेटच्या जागी काही ठिकाणी कार्बोनेट घुसलेलं, कॅल्शियमच्या जागी कुठे सोडियम तर कुठे मॅग्नेशियम, मधूनच फ्लोराइड. ही भेसळ म्हणजे दोष समजू नका. कार्बोनेटमुळे स्फटिक थोडा विस्कळीत राहतो आणि आम्लात लवकर विरघळतो. हाडाला ते सोयीचंच, कारण शरीराला गरज पडेल तेव्हा तिथून खनिज परत काढता आलं पाहिजे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस सांगाड्यात असतं, आणि रक्तातली कॅल्शियमची पातळी (दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम) ढळू लागली की याच साठ्याला हात घातला जातो.

प्रमाणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वजनाने पाहिलं तर हाडात सुमारे ६५ टक्के खनिज, दाताच्या आतल्या डेंटिनमध्ये ७० टक्के आणि सर्वांत बाहेरच्या एनॅमलमध्ये ९६ टक्के. हाड आणि डेंटिन यांचा उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन आणि पाणी. प्रयोगशाळेत एक जुना प्रयोग दाखवतात. लांब, बारीक हाड सौम्य आम्लात काही दिवस ठेवलं की खनिज निघून जातं. हाडाचा आकार जसाच्या तसा राहतो, पण ते रबरासारखं वाकतं. पुरेसं बारीक असेल तर त्याची गाठही मारता येते. उलट दुसरं हाड भट्टीत तापवून कोलॅजेन जाळून टाकलं तर तेही आकार तसाच राखतं, पण बोटांत दाबताच चुरा होतो. दोन्ही हाडं शेजारी ठेवून हाताळली की कोणत्या घटकाचं काम काय ते वेगळं सांगावं लागत नाही. विद्यार्थी मात्र गाठ मारलेल्या हाडाचेच फोटो काढतात, चुऱ्याकडे कुणी बघत नाही. मला तो चुरा जास्त महत्त्वाचा वाटतो. का ते शेवटाकडे येईलच.

आता हाड बनतं कसं. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी आधी कोलॅजेनचा मऊ थर घालतात. त्याला ऑस्टिऑइड म्हणतात. जाडी साधारण १० मायक्रॉन. हा थर घातला की लगेच खनिज बसत नाही. प्रौढ माणसात मध्ये १० ते २० दिवस जातात. त्या काळात तंतू नीट रचले जातात, एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडले जातात, काही प्रथिनं काढून टाकली जातात, काही नवी येऊन बसतात. मग ठरावीक रेषेवर खनिज यायला लागतं. या रेषेला खनिजीकरणाची आघाडी म्हणतात आणि ती चक्क डोळ्यांनी पाहता येते. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटतं आणि त्या दिवसांत जिथे ताजं खनिज बसत असेल तिथे अडकून राहतं. रुग्णाला ते काही दिवसांच्या अंतराने दोनदा द्यायचं, कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढायचा आणि अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. निरोगी हाडात दोन स्वच्छ पिवळ्या रेघा समांतर दिसतात. दोन रेघांमधलं अंतर भागिले मधले दिवस, म्हणजे हाड बनण्याचा वेग. खनिजीकरण अडलेल्या रुग्णात मात्र रेघांऐवजी पसरट, धुरकट डाग दिसतो किंवा काहीच दिसत नाही, आणि शेजारी ऑस्टिऑइडचा जाड, बिनखनिजाचा पट्टा असतो. (हेच टेट्रासायक्लिन लहानपणी दिलं तर बनत असलेल्या दातांत कायमचं अडकतं आणि दात पिवळे-करडे निघतात. म्हणून लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळतात.)

कोलॅजेनच्या तंतूंत खनिज शिरतं कुठून? कोलॅजेनचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. हे रेणू भिंतीतल्या विटांच्या थरांसारखे एकमेकांपासून थोडे सरकवून रचलेले असतात, आणि एका रेणूचं टोक संपून पुढचा सुरू होईपर्यंत मध्ये सुमारे ४० नॅनोमीटरची फट राहते. दर ६७ नॅनोमीटरला हा नमुना पुन्हा येतो. १९५७ साली ग्लिमचर, हॉज आणि श्मिट यांनी दाखवलं की कोलॅजेन विरघळवून पुन्हा वेगवेगळ्या प्रकारे जमवलं, तर त्यातली नैसर्गिक ठेवण असलेले तंतूच ॲपेटाइटच्या स्फटिकांना जन्म देतात. तेच प्रथिन दुसऱ्या रचनेत असेल तर देत नाही. म्हणजे रसायन तेच असलं तरी रचना चुकली की काम होत नाही. नंतरच्या संशोधनातून असंही दिसलं की खनिज सुरुवातीला स्फटिकरूपात नसतंच. ते अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात येतं, तंतूंच्या फटीत शिरतं आणि आत गेल्यावर स्फटिक बनतं. हे स्फटिक म्हणजे इवल्याशा चपट्या पाट्या, लांबी-रुंदी काही दशक नॅनोमीटर, जाडी जेमतेम २ ते ४.

पण अगदी पहिलं बीज कुठे पडतं? वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेत आणि अगदी कोवळ्या हाडात पेशी आपल्या आवरणाचे बारीक फुगे बाहेर सोडतात. १९६७ साली अँडरसन आणि बोनुची यांनी ते स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. या फुग्यांच्या आत कॅल्शियम आणि फॉस्फेट गोळा होतं, पहिले स्फटिक तिथे तयार होतात, मग आवरण फोडून बाहेर येतात आणि तंतूंवर पसरतात. एकदा खनिज बसलेलं हाड शेजारी असलं की पुढच्या थराला या फुग्यांची तितकी गरज राहत नाही.

आता मूळ मुद्दा, रोधकांचा. १९२३ मध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडात आणि कूर्चेत एक विकर (एन्झाइम) भरपूर असतं हे दाखवलं. आज आपण त्याला अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणतो. त्यांचा तर्क असा की हे विकर सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट मोकळं करतं, त्या जागी फॉस्फेट वाढतं आणि खनिज बसतं. तर्क बरोबर होता, पण अर्धा. दुसरा अर्धा १९६० च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश यांच्या कामातून आला. लघवीत आणि रक्तद्रवात कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक होऊ न देणारा एक पदार्थ असतो आणि तो म्हणजे पायरोफॉस्फेट, दोन फॉस्फेट एकमेकांना जोडलेले. स्फटिकाच्या पृष्ठभागाला तो चिकटतो आणि वाढ थांबवतो. अल्कलाइन फॉस्फेटेज नेमकं हेच पायरोफॉस्फेट तोडतं. एकाच घावात रोधक गेला आणि त्याच्यापासून खनिजाला लागणारं फॉस्फेटही मिळालं.

मग हे हाडातच का घडतं? मुर्शेद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याचं अतिशय नेटकं उत्तर दिलं. तंतुमय कोलॅजेन कातडीतही आहे, कंडरांतही आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज यकृत-मूत्रपिंडातही आहे. पण ही दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी आणि भरपूर अशी फक्त खनिजीकरण होणाऱ्या ऊतींत असतात. त्यांनी उंदरांच्या कातडीत हे विकर मुद्दाम तयार होईल अशी जनुकीय सोय केली, तेव्हा कातडीत खनिज बसलं. तुमच्या "कातडीत का नाही" या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

पायरोफॉस्फेट हा एकटाच पहारेकरी नव्हे. रक्तात फेट्युइन-ए नावाचं यकृतात बनणारं प्रथिन आहे, ते कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण वेढून टाकतं. धमन्यांच्या भिंतीत मॅट्रिक्स ग्ला प्रथिन असतं, त्याला कामाला लागण्यासाठी जीवनसत्त्व के लागतं. १९९७ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या धमन्या नळ्यांसारख्या कडक झाल्या आणि रक्तवाहिनी फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. माणसात पायरोफॉस्फेट तयार करणाऱ्या विकराच्या जनुकात बिघाड झाला, तर तान्ह्या बाळाच्या धमन्यांत खनिज जमतं. त्या बाळांच्या रक्तात कॅल्शियम जास्त असतं असं नाही. रोध कमी पडतो.

याच्या अगदी उलट आजार हायपोफॉस्फटेशिया. यात अल्कलाइन फॉस्फेटेजच कमी, त्यामुळे पायरोफॉस्फेट साचत राहतं. रक्तात कॅल्शियम-फॉस्फेट असूनही हाडात खनिज बसत नाही. दंतवैद्याला हा आजार सगळ्यांच्या आधी भेटू शकतो. दुधाचा दात नेहमीच्या पद्धतीने पडतो तेव्हा त्याचं मूळ आतून विरघळून गेलेलं असतं. हातात येतो तो फक्त शेंड्याचा भाग, खालून पोकळ आणि खडबडीत. हायपोफॉस्फटेशियातला दात पाच वर्षांच्या आत, कधी कधी दोन-तीन वर्षांच्या वयातच, न दुखता, हिरडी न सुजता गळतो आणि तो अखंड लांब मुळासकट असतो. दाताचं मूळ हाडातल्या तंतूंना बांधून ठेवणारा सिमेंटमचा पातळ थर या विकराशिवाय बनतच नाही, त्यामुळे दात बिनबांधणीचा सुटून येतो. आईवडिलांनी असा दात कागदात गुंडाळून आणला तर तो बघून टाकून देऊ नये. मूळ शाबूत असेल तर त्याच दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेजची तपासणी सांगावी. २०१५ पासून या आजारावर ॲस्फोटेज अल्फा हे इंजेक्शनने देण्याचं विकर उपलब्ध आहे. ते हाडाला चिकटावं म्हणून त्याला ॲस्पार्टेटची १० कड्यांची शेपटी जोडलेली आहे.

जीवनसत्त्व डीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ते खनिज बसवण्याच्या जागी फारसं काम करत नाही. ते आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट शोषून घ्यायला लावतं, म्हणजे पुरवठा राखतं. याचा पुरावा एका दुर्मिळ आजारात मिळतो. ज्या मुलांत या जीवनसत्त्वाचा ग्राहीच (पेशीतलं ते ओळखणारं प्रथिन, रिसेप्टर) बिघडलेला असतो, त्यांना शिरेतून दीर्घकाळ कॅल्शियम दिलं की मुडदूस भरून येतो. पुरवठा तुटला की मुलांत मुडदूस आणि मोठ्यांत ऑस्टिओमलेशिया, म्हणजे खनिजाअभावी हाड मऊ राहणं. फॉस्फेट कमी पडलं तरी हेच होतं. एफजीएफ-२३ हे संप्रेरक जास्त झालं की मूत्रपिंडं फॉस्फेट बाहेर टाकत राहतात, आणि अशा मुलांना कितीही जीवनसत्त्व डी दिलं तरी एकट्याने भागत नाही.

याच मुलांच्या दातांत डेंटिनचा स्वभाव उत्तम दिसतो. डेंटिनमध्ये खनिज बऱ्याच अंशी गोल गोल पुंजक्यांत वाढतं आणि हे पुंजके वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात. फॉस्फेट कमी असेल तर ते मिसळत नाहीत, मध्ये बिनखनिजाची जागा राहते. स्लाइडवर ती कमानीदार, नक्षीसारखी दिसते. दाताच्या आतली नस असलेली पोकळीही नेहमीपेक्षा मोठी असते आणि तिची टोकं पृष्ठभागाच्या जवळ पोहोचलेली असतात. एनॅमलला बारीकशी चीर पडली किंवा ते थोडं झिजलं की जंतू थेट आत. म्हणून कीड नसलेल्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या दाताच्या मुळाशी पू होतो. किडीचं खळगं न सापडता वारंवार गळू येणारं मूल दिसलं की मी रक्तातलं फॉस्फेट बघायला सांगते.

आता एनॅमल. ते घडतं कसं हे सांगायला मला सगळ्यात आवडतं, कारण त्याची तऱ्हाच निराळी. कोलॅजेन नाही. पुढे जिवंत पेशी नाहीत. पाया म्हणून अमेलोजेनिन हे प्रथिन असतं, सुरुवातीच्या प्रथिनांचा सुमारे ९० टक्के भाग तेच, आणि ते मुळात काढून टाकण्यासाठीच घातलेलं असतं. अमेलोब्लास्ट या उंच, अरुंद पेशी दिवसाला साधारण ४ मायक्रॉन वेगाने मागे सरकत प्रथिन आणि त्यात रुतलेले अतिशय लांब, पातळ खनिजाचे फितीसारखे धागे मागे सोडत जातात. एनॅमलची पूर्ण जाडी भरते तेव्हा त्यात वजनाने सुमारे ३० टक्केच खनिज असतं. आकार पूर्ण दाताचा, पण उपकरणाने ओरखडलं तर खडूसारखं निघेल असं.

मग पक्वतेची अवस्था सुरू होते. एमएमपी-२० आणि केएलके-४ ही विकरं प्रथिन तोडतात, पेशी ते तुकडे शोषून घेतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ते पातळ धागे जाड होत जातात, शेजारच्या धाग्याला टेकेपर्यंत. इथे एक रासायनिक पेच आहे आणि तो फार कमी ठिकाणी नीट सांगितलेला असतो. ॲपेटाइटचा एक घटक तयार होताना आम्ल सुटतं. हायड्रोजन फॉस्फेटपासून सुरुवात धरली तर एका घटकामागे ८ हायड्रोजन आयन. ते जागेवर राहिले तर नुकतंच बसलेलं खनिज पुन्हा विरघळेल. म्हणून अमेलोब्लास्ट बायकार्बोनेट पुरवत राहतात, आणि पेशींच्या टोकाची ठेवण पुनःपुन्हा बदलते: कधी घड्यांचं, कॅल्शियम आत ढकलणारं टोक, कधी सपाट, सैल टोक. त्या त्या वेळी खालच्या एनॅमलचा पीएच किंचित आम्ल आणि पुन्हा उदासीन असा हेलकावे घेतो. या पंपांपैकी किंवा विकरांपैकी एखादं जनुकीय दोषाने बंद पडलं तर आकाराने पूर्ण पण पिवळसर, मऊ आणि उगवल्या उगवल्या झिजणारं एनॅमल येतं. कामाच्या ओघात अमेलोब्लास्टांपैकी जवळजवळ निम्म्या पेशी आधीच मरतात, आणि दात हिरडीतून वर येताना उरलेल्याही जातात. त्यानंतर त्या दातावर नवं एनॅमल कधीच बनत नाही.

पेशी दिवसाच्या लयीत काम करतात, त्यामुळे एनॅमलमध्ये रोजच्या खुणा राहतात आणि काही दिवसांच्या अंतराने ठळक रेघा. दुधाच्या दातांत जन्माच्या वेळची एक स्पष्ट रेघ असते. गर्भातून बाहेर येण्याचा धक्का तिथे नोंदलेला असतो. नंतर बदल होत नसल्याने एनॅमल ही जुनी नोंदवही म्हणून वापरता येते. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेलं कार्बन-१४ एनॅमलमध्ये किती अडकलं आहे यावरून माणसाचं जन्मवर्ष सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या चुकीने सांगता येतं, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. हाडाच्या बाबतीत हे इतक्या नेमकेपणाने जमत नाही, कारण ते सतत नव्याने भरलं जातं.

गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. पहिल्या कायमच्या दाढेचं खनिजीकरण जन्माच्या सुमारास सुरू होतं आणि तिचा वरचा भाग अडीच-तीन वर्षांत पुरा होतो. वरच्या मधल्या पटाशीच्या दातांचं तीन-चार महिन्यांच्या वयात सुरू होतं, चार-पाच वर्षांत संपतं. दुसऱ्या दाढेचा वरचा भाग सात-आठ वर्षांत. म्हणजे सहा-सात वर्षांच्या वयात दुधाचे दात पडू लागतात, तेव्हा समोर येणार असलेल्या दातांचं एनॅमल जबड्याच्या आत बनून गेलेलं असतं. अक्कलदाढ सोडली तर त्या वयात दिलेल्या कॅल्शियमला एनॅमलमध्ये करण्यासारखं फारसं काम उरलेलं नसतं. मुलाच्या आहारात कॅल्शियम खरंच कमी असेल तर हाडांसाठी ते जरूर भरून काढावं. पण पुरवठा पुरेसा असताना जास्तीचं कॅल्शियम दिल्याने खनिजीकरण जास्त होत नाही. द्रव आधीच अतिसंपृक्त आहे, तिथे आणखी ओतून काय साधणार?

पहिल्या तीन-चार वर्षांत मात्र काय घडतं याला फार महत्त्व आहे. याच काळात फ्लोराइड गरजेपेक्षा बरंच जास्त पोटात गेलं तर पक्वतेच्या वेळी प्रथिन पूर्ण निघत नाही, पृष्ठभागाखालचा थर सच्छिद्र राहतो आणि दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. पहिल्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्यावर ठळक सीमा असलेले पांढरट-पिवळे मऊ चट्टे येतात तो वेगळा प्रकार. एकत्रित आकडेवारीनुसार जगभरातल्या सुमारे १३-१४ टक्के मुलांत तो आढळतो. त्या दाढा गार पाण्यालाही झोंबतात, बधिरीकरण नीट लागत नाही, आणि दात घासताना दुखतं म्हणून मूल घासत नाही, की पुढे कीड. आईवडिलांना "कॅल्शियम कमी पडलं" असं सांगून अपराधी वाटायला लावणं या बाबतीत चुकीचं आहे.

दात तोंडात आल्यावरचं थोडक्यात सांगते. लाळही कॅल्शियम-फॉस्फेटने अतिसंपृक्त आहे आणि त्यातही रोधक आहेत. स्टॅथेरिन हे त्यांतलं प्रमुख. त्यामुळे निरोगी दात लाळेत राहून जाड होत नाहीत, पण आम्लाने थोडंसं खनिज गेलं तर ते परत बसू शकतं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. फ्लोराइड मिसळलेलं ॲपेटाइट सुमारे ४.५ पर्यंत तग धरतं. जंतूंचा थर दातावर साचू दिला तर त्या थरातच खनिज बसून कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त दिसतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात.

आता हाडाकडे परत, आणि त्या चुऱ्याकडे. प्रौढ सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी खोदून नव्याने भरला जातो. नव्या हाडात पहिल्या काही आठवड्यांत बहुतांश खनिज बसतं, उरलेलं महिनोन्महिने, अगदी वर्षानुवर्षं मुरत राहतं. खनिज जितकं जास्त तितकं हाड मजबूत, असा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. तो खरा नाही. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आजारात कोलॅजेनच सदोष असतं. अशा मुलांच्या हाडात, प्रत्यक्ष हाडाच्या द्रव्यापुरतं पाहिलं तर, खनिज नेहमीपेक्षा दाट असतं, आणि तरी ती हाडं किरकोळ धक्क्याने मोडतात. भट्टीतून काढलेल्या हाडाच्या दिशेने गेलेली हाडं ती.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. ती यंत्रणा दर चौरस सेंटिमीटरमागे खनिज किती एवढंच सांगते. हाडच कमी आहे पण खनिजीकरण ठीक आहे (ऑस्टिओपोरोसिस), की हाडाचा साचा आहे पण खनिज बसत नाही (ऑस्टिओमलेशिया), हा भेद तिला कळत नाही. आकडा दोन्हीकडे सारखाच कमी येतो आणि उपचार मात्र पार वेगळे. म्हणून कमी घनतेचा अहवाल घेऊन कुणी विचारायला आलं की मी आधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, जीवनसत्त्व डी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज झालंय का ते विचारते. ऑस्टिओमलेशियात अल्कलाइन फॉस्फेटेज बहुधा वाढलेलं असतं, कारण ऑस्टिओब्लास्ट जोर लावून साचा घालत असतात.

ते वाढलेलं असेल तर अहवालावर खूण असते आणि सगळ्यांचं लक्ष जातं. कमी असेल तर कुणी बघतही नाही. प्रौढ माणसाचा आकडा पुन्हा पुन्हा लिटरला ४० युनिटच्या खाली येत असेल (मर्यादा प्रयोगशाळेप्रमाणे थोडी बदलते, मुलांत मुळातच जास्त असते), तर थायरॉइड, जस्त, मॅग्नेशियम आणि चालू औषधं तपासून झाल्यावर सौम्य हायपोफॉस्फटेशियाचा विचार व्हायला हवा. लहानपणी दात लवकर गेल्याचा इतिहास, पायाच्या पंजाची हाडं वारंवार तडकणं, ही त्याची साथ. ऑस्टिओपोरोसिस समजून अशा रुग्णाला बिसफॉस्फोनेट (हाडाची झीज रोखणाऱ्या औषधांचा गट) सुरू केलं तर नुकसान होऊ शकतं. ही औषधं पायरोफॉस्फेटवरूनच घडवलेली आहेत. फ्लाइश यांच्या त्याच कामातून ती निघाली. फरक इतकाच की मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन असल्यामुळे शरीरातलं विकर त्यांना तोडू शकत नाही. त्यांतलं सुरुवातीचं एटिड्रोनेट मोठ्या मात्रेत दिलं की निरोगी हाडाचंही खनिजीकरण अडवायचं. जिथे रोधक आधीच साचलेला आहे, तिथे न तुटणारा आणखी एक रोधक घातला जातो, आणि अशा रुग्णांत मांडीचं हाड मध्येच आडवं मोडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. त्यामुळे हे औषध सुरू होण्याआधीच्या जुन्या अहवालांत अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा शोधून काढा. औषध सुरू झाल्यावर तो तसाही उतरतो आणि मग त्यावरून काही ठरवता येत नाही.